काहीही न उघडता ‘ओपन’ कसं व्हावं

ठिबकचा कंट्रोलर तयार झाला, अभिनंदन. व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मोटार बंद पडली की मोबाईलवर मेसेज येतो, पहिले काही नग शेतावर लागलेही. आता एकच उणीव आहे: तुमचा सर्किट बोर्ड अजून ‘ओपन सोर्स’ नाही, म्हणजे त्याचं डिझाइन कुणीही बघावं, बदलावं, बनवून विकावं असं खुलं नाही. अनुदानाचा अर्ज असो, इंजिनिअरिंग कॉलेजातलं प्रमुख पाहुण्याचं भाषण असो की गुंतवणूकदारापुढची पहिली स्लाइड, हा शब्द नसला की माणूस मागासलेला वाटतो. उलट, भोसरीतला शेजारचा गाळेवाला आपलं सर्किट उचलेल या विचाराने तुमची झोपही उडालेली असते. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच. ओपन म्हणवून घ्यायचं, उघडायचं काही नाही. असं करणारे तुम्ही पहिले नाही, तेव्हा लाजू नका.

सुरुवात लायसन्सपासून. मागच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एमआयटी लायसन्सची (आमचं नाव राखा, बाकी काहीही करा, असा परवाना) फाइल उचला आणि इथे डकवा. वाचू मात्र नका. वाचलीत तर नको ती शंका येते. सॉफ्टवेअरचं लायसन्स कॉपीराइटवर उभं असतं, कारण कायद्याच्या लेखी प्रोग्राम हे लिखाण आहे. बोर्डाचं तसं नाही. सर्किटचं रेखाचित्र तुम्ही काढलं, त्या चित्रावर तुमचा कॉपीराइट. लेआउटच्या फाइलवरही म्हणा. पण कुठला रेझिस्टर कुठल्या ट्रान्झिस्टरला जोडायचा, यावर कॉपीराइट कुणाचाच नाही. तुमचं सर्किट समजून घेऊन कुणी स्वतःचं चित्र नव्याने काढलं आणि बोर्ड छापून आणला, तर त्याला अडवायला पेटंट लागतं. ते तुम्ही घेतलेलं नाही, आणि माल बाजारात येऊन गेल्यावर आता मिळणंही कठीण. थोडक्यात, जे तुमच्या मालकीचंच नाही ते वापरायची परवानगी तुम्ही अख्ख्या जगाला उदार मनाने देत आहात. इतकं स्वस्त दान दुसरं नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लोकांनी ही शंका मनावर घेतली. कण आदळवायचं काम कमी पडलं असावं, म्हणून २०११ मध्ये त्यांनी खास हार्डवेअरसाठी लायसन्स लिहिलं. (हौशी रेडिओवाल्यांच्या टीएपीआर या संस्थेने २००७ मध्येच एक लिहिलं होतं. बिनपगारी काम करणारी माणसं फार धोकादायक.) सर्नची दुसरी आवृत्ती २०२० मध्ये आली, तिचे तीन प्रकार. ‘पी’ अगदी सैल: आमचं नाव आणि सूचना तेवढ्या राहू द्या. ‘डब्ल्यू’ मधला: आमच्या डिझाइनमध्ये केलेले बदल उघड करा, ते ज्या मोठ्या यंत्रात बसवाल ते झाकलेलं राहिलं तरी चालेल. आणि ‘एस’: बदल करून वस्तू दुसऱ्याला दिलीत की तिचा संपूर्ण सोर्स, म्हणजे डिझाइनच्या मूळ फाइल्स, द्या, आणि तोही सहज बदल करता येईल अशा रूपात. वेबसाइटवर तुम्ही हा ‘एस’च ठळक अक्षरांत छापा. भिऊ नका. डिझाइनचा मालक स्वतःच्या लायसन्सने बांधला जात नाही. अट बाकीच्यांना, पुण्य तुम्हाला.

फाइल्सचं काय, तर काहीतरी टाकावं लागेल. रिकामं फोल्डर वाईट दिसतं. सर्किटची पीडीएफ टाका. शक्यतो प्रिंट काढून, ती पुन्हा स्कॅन करून, थोडी तिरकी. कुणी कुरकुर केलीच तर गर्बर फाइल्स द्या. गर्बर म्हणजे पीसीबी (सर्किट बोर्ड) छापणाऱ्याला लागणारी तांब्याच्या थरांची चित्रं. त्यावरून हुबेहूब बोर्ड निघतो, पण एक कनेक्टर इकडचा तिकडे सरकवायचा म्हटलं तर सगळं पहिल्यापासून काढायला बसावं लागतं. ओपन सोर्स हार्डवेअरची व्याख्या २०११ मध्ये ठरली, तिच्यात ही पळवाट अगदी नेमकी बुजवलेली आहे: बदल करायला सोयीच्या मूळ फाइल्सच द्यायच्या, छपाईला तयार तांब्याचं चित्र त्याऐवजी चालणार नाही. असू दे. ती व्याख्या वाचणारी माणसं ठिबकचे कंट्रोलर विकत घेत नाहीत. किकॅडची (सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरची) मूळ फाइल ऑफिसातल्या त्या एका लॅपटॉपवरच राहू द्या, ज्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाला माहीत आहे.

सुट्या भागांच्या यादीत मायक्रोकंट्रोलरपुढे (बोर्ड चालवणाऱ्या मुख्य चिपपुढे) ‘आयसी, १ नग’ एवढंच लिहा, आणि बोर्डावर त्याचा नंबर सँडपेपरने घासून टाका. ही आपली जुनी, खात्रीची पद्धत आहे. दुरुस्तीवाल्यांनी भिंग लावून त्या गुळगुळीत पाठीकडे बघत बसावं, आणि शेजारीच छापलेलं ओपन हार्डवेअरचं दातेरी चक्र त्यांच्याकडे बघून हसावं. ते चक्र जरूर छापा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन २०१६ पासून प्रमाणपत्रही देते, पण त्यासाठी अटी मान्य केल्याचं लिहून द्यावं लागतं आणि खोटं निघालं तर दंडाची तरतूद आहे. चक्र पुरे. फर्मवेअरबद्दल, म्हणजे त्या चिपमधल्या प्रोग्रामबद्दल, कुणी विचारलं तर तो वेगळा विषय आहे असं गंभीर चेहऱ्याने सांगा.

आता माझी सर्वात लाडकी ओळ: ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी’. काय सात्त्विक वाटते! ही अट घातली की डिझाइन व्याख्येनुसार ओपन उरत नाही, कारण बनवून विकायची मुभा हा तिचा गाभाच आहे. पण भाषणात ‘नफेखोरांपासून समाजाचं रक्षण’ म्हणून ती छान खपते. ती लागते कुणाला बघा. भोसरीचा गाळेवाला नवीन चित्र काढून मोकळा झाला, त्याला तुमचं लायसन्स शिवतही नाही. अडकला तो शिरूरचा मोटार रिवाइंडिंगवाला, जो दोनशे रुपयांत तुमचा जळका बोर्ड दुरुस्त करायला तुमची फाइल प्रामाणिकपणे उघडून बसला आणि ही ओळ वाचून चाचरला.

कंट्रोलरच्या डब्याला मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सचं (चित्रं-लेखन खुलं करायचं) लायसन्स लावा, डबा देखणा आहे. इथे आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमची एक मौज करतो. डिझाइन कायद्याखाली (वस्तूचं रूप राखणाऱ्या) नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, असं डिझाइन कारखान्यात पन्नासपेक्षा जास्त वेळा उतरलं की त्यातला कॉपीराइट संपतो. एक्कावन्नावा डबा साच्यातून पडला की तुमच्या अटी गेल्या. चित्र कुठे संपतं आणि डिझाइन कुठे सुरू होतं, हे ठरवायला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या रेखाचित्रांवरून झालेलं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं; एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने त्यासाठी कसोटी घालून दिली. तुम्ही त्यात पडू नका. डब्यावर लायसन्सचं चिन्ह छापलेलं असलं म्हणजे झालं, खालची जमीन आहे की नाही ते कोण बघतं.

एखाद्या गुरूला समोर ठेवायचं असेल तर ब्रुकलिनच्या मेकरबॉट कंपनीला ठेवा. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला: स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारा थ्रीडी प्रिंटर, सगळं जगाला खुलं. स्ट्रॅटासिस कंपनीचं या तंत्रावरचं मुख्य पेटंट २००९ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी, रेपरॅपच्या जिवावर, मेकरबॉट उभी राहिली. ओपन म्हणून नाव झालं, लोकांनी हौसेने चुका दुरुस्त करून पाठवल्या. २०१२ मध्ये नवीन मॉडेल आलं, आणि डिझाइन बंद. पुढच्याच वर्षी कंपनी ४० कोटी ३० लाख डॉलरच्या शेअरच्या बदल्यात विकली गेली. कुणाला? स्ट्रॅटासिसलाच. अशी परतफेड आपल्याकडे सोयरिकीतही होत नाही. घाई असेल तर टेस्लाचा २०१४ चा नमुना घ्या: पेटंट ‘सद्भावनेने’ वापरणाऱ्यांवर दावा लावणार नाही, आणि सद्भावना म्हणजे काय ते आम्ही सांगू.

कुणाच्या वाटेला जायचं नाही तेही सांगतो. आर्डुइनो, विद्यार्थी आणि हौशी लोक प्रोग्राम करून वापरतात तो छोटा बोर्ड. इटलीतल्या इव्रेया गावात २००५ मध्ये सुरू झालेल्या या मंडळींनी बोर्डाच्या मूळ फाइल्स खरोखरच देऊन टाकल्या आणि फक्त नाव ट्रेडमार्कने राखून ठेवलं. परिणाम बघा: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत त्यांच्या बोर्डाच्या नकला ढिगाने मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याच पूर्ण कायदेशीर. पुढे संस्थापकांतच दोन कंपन्या होऊन कोर्टकज्जे झाले तेही नावावरून, डिझाइनवरून नाही. ते भांडायला शिल्लकच नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या अमेरिकी चिप कंपनीने ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. ज्याची फाइल कुणीही उतरवून घ्यावी, त्याला गिऱ्हाईक मिळतं हा निव्वळ योगायोग समजा. पाबळच्या विज्ञान आश्रमाकडेही फिरकू नका. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (कुणालाही यंत्रं वापरून वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळांपैकी) एक तिथे आहे, आणि फॅब लॅबच्या सनदेत लिहिलंय की डिझाइन खुशाल विका, पण दुसऱ्याला वापरता-शिकता येईल असं ठेवा. गावातल्या पोरांना अशी सवय लागली तर उद्या तुमचा कंट्रोलर दुरुस्तीला तुमच्याकडे येणार कसा?

एवढं करूनही सोलापूरकडचा एखादा डिप्लोमावाला पोरगा तुमची तिरकी पीडीएफ सरळ करेल, सर्किट स्वतः काढेल, व्हॉल्व्हच्या आउटपुटला विसरलेला डायोड लावेल आणि मूळ फाइल्ससकट सगळं फुकट जगापुढे ठेवेल. तेव्हा डगमगू नका, तडक वकिलाकडे जा. ते चहा मागवतील, तुमचं लायसन्स दोनदा वाचतील आणि विचारतील, की त्या मुलाने नेमकं तुमचं काय घेतलं. नोटिशीचा मसुदा करायचे ते पैसे घेतील. ती पाठवू नका, असं सांगायचे वेगळे.