पिरानेसीचं ते थडगं म्हणे "नुसती कल्पना"!

अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिरानेसी, त्याने केलेलं चेचिलिया मेतेला या रोमन बाईच्या थडग्याचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं चित्र) सध्या जोरात फिरतंय, रोमबाहेर वीया आप्पिया या प्राचीन रस्त्यावर आहे ते गोल, बुरजासारखं, आणि सोबतचा मजकूर असा की पिरानेसी म्हणजे काल्पनिक तुरुंग काढणारा माणूस, वरचा किल्ल्यासारखा तट त्यानेच चिकटवला, माणसं मुंगीएवढी काढली, दगड उचलायची अवजारंसुद्धा मनची, तेव्हा पुरावा म्हणून किंमत शून्य.

तुरुंगांची सीरीज त्याचीच, मान्य. पण ती कुठल्या खऱ्या जागेची आहे असं तो म्हणतच नाही. थडग्याच्या प्लेट्स 1756 च्या 'ले आंतिकिता रोमाने' या रोमन अवशेषांवरच्या त्याच्या पुस्तकातल्या, चार खंड, त्यातले दोन मुख्यतः थडग्यांवर, आणि एक देखणा व्ह्यू काढून गडी थांबला नाही तर प्लॅन, सेक्शन, भागाभागाला अक्षरं घालून खाली खुलासा! मनानेच काढायचं तर एवढा उपद्व्याप कोण करेल?

तटाचं तर हसूच येतं, कारण तो आजही तिथे उभा आहे. थडगं इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं, 1300 नंतर काएतानी घराण्याने त्याला लागून किल्ला बांधला आणि थडग्याचाच बुरूज करून टाकला. उलट तट गाळून "शुद्ध रोमन" दाखवणं सोपं होतं, त्याने नाही गाळला. खालच्या चौथऱ्याचे दगड लोकांनी कधीच उपटून नेलेत, आतलं काँक्रीट उघडं पडलंय, तेही तसंच काढलंय.

मुंगीएवढ्या माणसांबद्दल मात्र पॉइंट आहे. गोल भाग साधारण 11 मीटर उंच, 29 मीटर रुंद, आणि चित्रात तो डोंगर वाटतो. रोमन सम्राट हेड्रियनच्या समाधीचा पाया तर त्याने अवाच्या सवा काढलाय. म्हणजे माणसांवरून उंची मोजायला जाऊ नका, एवढंच.

राहिलं अवजार, आणि माझ्या मते तीच प्लेट सगळ्यात भारी. दगडाच्या माथ्यावर तळाशी रुंद होत जाणारी खाच, त्यात लोखंडाचे दोन तिरके तुकडे दोन बाजूंना सरकवायचे, मग मधला सरळ तुकडा ठोकायचा, वरून ओढलं की ते आतच अडकतात आणि दगड उचलला जातो. या थडग्याला नेमकं हेच वापरलं हा त्याचा अंदाज, पण अशा खाचा रोमन दगडांवर खरंच सापडतात आणि ही पद्धत नंतरही शेकडो वर्षं चालू होती.