‘सगळेच घेत होते’ एवढ्याने हिशेब मिटत नाही

सोलापुरात सकाळी होटगी रस्त्याने सायकली काढणाऱ्यांच्या, पार्क मैदानावर पळायला येणाऱ्यांच्या आणि तालमीतल्या पोरांच्या मोबाइलवर लान्स आर्मस्ट्राँगविषयीचा एक लांबलचक मराठी संदेश सध्या फिरतो आहे. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रे यांच्या दूरचित्रवाणी मुलाखतीत या अमेरिकी सायकलपटूने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली, तेव्हा जगाने त्याच्यावर जी झोड उठवली ती अन्यायाची होती, असे हा संदेश सांगतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: त्या काळी सगळेच घेत होते, म्हणजे लढत बरोबरीचीच होती, पाचशे चाचण्यांत तो एकदाही सापडला नाही, तरीही त्याने स्वतःहून, मर्दासारखे, जगासमोर सत्य सांगितले, इतरांना सहा महिने आणि त्याला मात्र जन्माची बंदी, हा दुजाभाव झाला, कॅन्सरच्या रुग्णांसाठी त्याने केलेले काम विसरता येत नाही, आणि कबुलीनंतरही जे त्याला दोष देत राहिले ते कोत्या मनाचे होते. शैली भावुक आहे, त्यामुळे संदेश पटकन पटतो. त्यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच ती एकेक तपासणे भाग आहे.

‘सगळेच घेत होते’ हा या संदेशाचा कणा आहे, आणि तो निव्वळ खोटा नाही. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे यूसाडाने, १० ऑक्टोबर २०१२ रोजी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातच म्हटले आहे की १९९९ ते २००५ या सात वर्षांत टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या सायकल शर्यतीच्या पहिल्या तीन स्थानांवर आलेल्या २१ जणांपैकी २० जणांचे नाव या ना त्या मार्गाने उत्तेजकांशी जोडले गेले होते. अपवाद एकच, १९९९ मध्ये तिसरा आलेला स्पेनचा फर्नांडो एस्कार्टिन. याच सात वर्षांत आर्मस्ट्राँगने जिंकलेली सातही विजेतेपदे रद्द झाली, तेव्हा ती दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना दिली गेली नाहीत, ती रिकामीच ठेवली गेली. त्यामागेही हीच पार्श्वभूमी होती. इथवर संदेशाशी माझे भांडण नाही. भांडण सुरू होते ते ‘म्हणजे लढत बरोबरीची होती’ या पुढच्या उडीपासून. मुलाखतीत खुद्द आर्मस्ट्राँगनेही हाच बचाव केला होता. प्रतिस्पर्ध्याकडे नसलेला फायदा आपण उपटला असे आपल्याला त्या वेळी वाटत नव्हते, असे तो म्हणाला होता.

शरीरशास्त्र हा बचाव टिकू देत नाही. ईपीओ हे संप्रेरक तांबड्या रक्तपेशींची संख्या वाढवते, त्यामुळे स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि डोंगरातल्या चढावर दमसास टिकतो. रक्तात या पेशींचे प्रमाण किती टक्के आहे त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने त्यावर ५० टक्क्यांची मर्यादा घातली, कारण तेव्हा ईपीओ थेट पकडणारी चाचणीच नव्हती. आता ज्याचे प्रमाण निसर्गतः ४२ आहे आणि ज्याचे ४८ आहे असे दोन खेळाडू घ्या. दोघांनीही औषध टोचून ४९ गाठले, तर पहिल्याच्या पदरात सात अंश पडतात आणि दुसऱ्याच्या पदरात एक. म्हणजे ज्याची नैसर्गिक देणगी मोठी, त्याचाच तोटा. औषधाला प्रत्येक शरीर सारखा प्रतिसादही देत नाही. एकाच तालमीत, एकाच खुराकावर वाढलेले दोन पहिलवान सारखे भरत नाहीत, हे आपल्याकडे कोणत्याही वस्तादाला विचारावे. त्यात पैशाची भर. मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरला आर्मस्ट्राँगकडून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम पोहोचल्याचे यूसाडाच्या अहवालात नोंदले आहे. ज्याला असा डॉक्टर परवडत नव्हता, त्याची या ‘बरोबरीच्या’ लढतीतली जागा कोणती?

त्याहून महत्त्वाची बाब अशी की हे ‘सगळे’ आपोआप जमलेले नव्हते. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच सायकलपटू उत्तेजकांविरुद्ध वृत्तपत्रात उघडपणे लिहीत होता. शर्यत चालू असतानाच आर्मस्ट्राँगने त्याला गाठून घरी जाण्यास सुनावले, सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकले आणि तो शर्यत अर्धवट सोडून गेला. २००४ मध्ये इटलीच्या फिलिपो सिमेओनीने पुढे मुसंडी मारली, तेव्हा अंगावर पिवळी जर्सी असलेल्या, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या आर्मस्ट्राँगने स्वतः त्याचा पाठलाग केला. क्रमवारीत सिमेओनी कितीतरी मागे होता, त्याच्यापासून धोका शून्य होता. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने फेरारीविरुद्ध साक्ष दिली होती. संघातल्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे तर वाचता वाचवत नाहीत. डेव्हिड झाब्रिस्की हा वडिलांच्या अमली पदार्थांच्या व्यसनातून सुटका शोधत सायकलीकडे वळला होता आणि आपण कधीच औषध घेणार नाही असे त्याने मनाशी ठरवले होते. त्यालाच २००३ मध्ये संघाच्या व्यवस्थापनाने ईपीओकडे वळवले. क्रिश्चन व्हान्डे व्हेल्डे याने सांगितले की फेरारीच्या आखणीप्रमाणे न वागल्यास संघातली जागा जाईल, हे २००२ मध्ये आर्मस्ट्राँगनेच त्याला स्पष्ट केले. आर्मस्ट्राँगने मुलाखतीत कोणावर सक्ती केल्याचे नाकारले, हेही इथे नोंदवतो. पण जो नकार देतो तो बाहेर फेकला जातो अशी व्यवस्था उभी करायची, आणि मग ‘सगळेच घेत होते’ म्हणून बोट दाखवायचे, याला बचाव म्हणत नाहीत.

दुसरा मुद्दा चाचण्यांचा. पाचशे हा आकडा आर्मस्ट्राँगच्याच गोटातून आलेला आहे आणि यूसाडा व सायकल महासंघ यांच्या नोंदी एकत्र केल्या तरी तो गाठला जात नाही. पण आकडा सोडून देऊ. चाचणीत न सापडणे म्हणजे निर्दोष असणे, ही समजूतच चुकीची आहे. ईपीओची लघवीची चाचणी प्रत्यक्ष वापरात आली ती २००० च्या सिडनी ऑलिम्पिकच्या सुमारास. तोवर आर्मस्ट्राँगची पहिली दोन विजेतेपदे पदरात पडलेली होती. स्वतःचेच रक्त आधी काढून थंड ठेवायचे आणि शर्यतीत पुन्हा चढवायचे, या प्रकारावर थेट बोट ठेवणारी चाचणी त्या सबंध काळात नव्हती. रक्तातील चढउतारांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा जैविक पासपोर्ट २००८ मध्ये सुरू झाला. चोराला पकडायला सापळाच नव्हता, तर चोर पकडला गेला नाही याचे कौतुक कशाचे?

शिवाय ‘एकदाही सापडला नाही’ हेही पूर्ण खरे नाही. १९९९ च्या टूरमध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिसोनवर्गीय द्रव्याचा अंश आढळला होता. तेव्हा खोगिरावर बसून झालेल्या जखमांसाठी मलम लावल्याचे सांगणारी औषधचिठ्ठी पुढे करण्यात आली आणि प्रकरण मिटले. ती चिठ्ठी मागील तारीख घालून नंतर तयार केलेली होती, असे संघात मालिश करणाऱ्या एमा ओ’रायली यांनी सांगितले होते, आणि ते खरे असल्याचे आर्मस्ट्राँगने ओप्रा यांच्यासमोर मान्य केले. १९९९ चेच जपून ठेवलेले नमुने पुढे संशोधनासाठी तपासले गेले, तेव्हा त्यांत ईपीओ सापडल्याचे वृत्त ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकाने ऑगस्ट २००५ मध्ये दिले होते. हे नमुने नियमांच्या चौकटीत शिक्षेसाठी वापरता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

‘स्वतःहून सांगितले’ या दाव्याला उत्तर द्यायला तारखा पुरेत. २३ ऑगस्ट २०१२ रोजी त्याने यूसाडाच्या आरोपांशी लढणे सोडले. १० ऑक्टोबरला हजारावर पानांचा पुरावा जाहीर झाला. त्यात २६ जणांच्या शपथेवरील साक्षी होत्या, आणि त्यांत ११ त्याचेच माजी सहकारी होते. १७ ऑक्टोबरला नायकीने करार तोडला. २२ ऑक्टोबरला सायकल महासंघाने विजेतेपदे काढून घेतली. मुलाखतीचे चित्रीकरण झाले १४ जानेवारी २०१३ रोजी आणि ती प्रसारित झाली १७ व १८ जानेवारीला. सगळी दारे बंद झाल्यावर उच्चारलेल्या सत्याची किंमत शून्य नसते, पण तिला मर्दानगीचे नावही शोभत नाही. आपल्याला पुन्हा स्पर्धेत उतरायचे आहे, पन्नाशीत शिकागोची मॅरेथॉन पळायला आवडेल, असे तो त्याच मुलाखतीत म्हणाला. शिक्षा कमी व्हायची तर यूसाडासमोर शपथेवर सगळे सांगणे आवश्यक होते. तशी विचारणा झाली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने नकार दिला. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बोलता येते आणि शपथेवर बोलता येत नाही, हे कसले स्वतःहून?

त्या कबुलीतही कुंपणे होतीच. २००५ नंतर आपण काहीही घेतले नाही, २००९ आणि २०१० च्या टूरमध्ये आपण स्वच्छ होतो, असे त्याने ठासून सांगितले. यूसाडाचा अहवाल मात्र २००९ च्या रक्तनोंदींबाबत म्हणतो की असे आकडे निसर्गतः येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे.

दुजाभावाच्या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. सहकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा मिळाली, कारण त्यांनी तपासाला सहकार्य करून शपथेवर स्वतःविरुद्धही साक्ष दिली. तीच संधी आर्मस्ट्राँगलाही खुली होती. त्याच्यावरचा ठपका फक्त सेवनाचा नव्हता, इतरांना द्रव्ये पुरवल्याचा, देवविल्याचा आणि हे सारे दडपल्याचाही होता. संघाचा व्यवस्थापक योहान ब्रुनील यालाही आधी दहा वर्षांची आणि २०१८ मध्ये क्रीडा लवादाकडून आजन्म बंदी झाली, म्हणजे जन्माची बंदी एकट्याच्याच वाट्याला आली हेही खरे नाही.

कॅन्सरचा मुद्दा नाजूक आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला वृषणाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले, तो फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचला होता, आणि त्यातून तो उठला. १९९७ मध्ये त्याने स्थापन केलेल्या संस्थेने कोट्यवधी डॉलर उभे केले, आणि २००४ मध्ये आलेली पिवळी रबरी पट्टी लाखो मनगटांवर दिसू लागली. सोलापूरच्या रुग्णालयात केमोथेरपीसाठी रांगेत बसलेल्या कुटुंबाला एखाद्या वाचलेल्या माणसाची गोष्ट किती आधार देते, हे ज्याने पाहिले आहे तो या कामाला कमी लेखणार नाही; मीही लेखत नाही. पण या आजाराचीच ढाल केली गेली, हे संदेश सांगत नाही. मृत्यूच्या दारातून आलेला माणूस आपल्याच शरीरात असले काही टोचेल का, असा सवाल तो टीकाकारांना वर्षानुवर्षे करत राहिला. २००१ च्या नायकीच्या जाहिरातीत तर, मी कशावर आहे असे लोक विचारतात, मी दिवसाचे सहा तास सायकलीवर आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने छातीठोकपणे दिले होते. रुग्णांनी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, तिचाच असा वापर झाला. म्हणून या प्रकरणी त्यांचा राग इतरांहून अधिक रास्त आहे.

उरतो तो शेवटचा आणि मला सर्वांत खटकलेला मुद्दा: कबुलीनंतर क्षमा न करणारे कोत्या मनाचे. माझ्या मते लोकांचा संताप सुईपेक्षा त्या सुईचे रक्षण करण्यासाठी जे केले गेले त्यावर होता. ‘संडे टाइम्स’ने संशय छापला म्हणून त्याने बदनामीचा दावा लावला आणि २००६ च्या तडजोडीत तीन लाख पौंड मिळवले. बक्षिसाची रक्कम अडवून धरणाऱ्या एससीए प्रमोशन्स या कंपनीविरुद्ध त्याने शपथेवर खोटे सांगितले आणि ७५ लाख डॉलर घेतले. २०१५ मध्ये लवादाने याच प्रकरणी त्याला एक कोटी डॉलर भरायला लावले. त्याचा माजी सहकारी फ्लॉइड लँडिसने उघड केलेल्या माहितीवरून अमेरिकी सरकारने, टपाल खात्याने त्याच्या संघाला दिलेल्या प्रायोजकत्वाच्या पैशांसाठी खटला चालवला, तो २०१८ मध्ये ५० लाख डॉलरला मिटला. कबुलीनंतर जे पैसे परत गेले ते न्यायालये आणि वकील यांच्या रेट्याने गेले, हे क्षमेचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

एमा ओ’रायली यांच्यावर तर त्याने दावाही लावला आणि त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडेही उडवले. त्यांच्याविरुद्ध खटला भरला होता का, असे ओप्रा यांनी विचारले तेव्हा, आम्ही इतक्या लोकांवर खटले भरले की नेमके आठवत नाही, बहुधा भरला असेल, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्या रात्री मुलाखत पाहणारे जगभरचे लोक या वाक्याने अधिक भडकले असतील, तर त्यात कोतेपणा कोणाचा? १९९६ मध्ये रुग्णालयात त्याने डॉक्टरांसमोर उत्तेजके घेतल्याचे सांगितले ते आपण ऐकले, असे बेट्सी अँड्रू आणि त्यांचे पती, आर्मस्ट्राँगचे माजी सहकारी फ्रँकी यांनी शपथेवर सांगितले होते. त्यासाठी बेट्सी यांना वर्षानुवर्षे वेडी, द्वेष्टी ठरवले गेले. मुलाखतीत त्या प्रसंगाविषयी विचारताच त्याने बोलायला नकार दिला.

क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचे नुकसान झाले त्यांचा आहे, आणि त्यांनी तो वापरलाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आर्मस्ट्राँग एमा ओ’रायली यांना प्रत्यक्ष भेटला, त्याने माफी मागितली, आणि त्यांनी ती स्वीकारली. तो निर्णय एमा यांचा होता, तो प्रेक्षकांच्या वतीने झालेला नव्हता आणि त्याने बेट्सी अँड्रू यांचाही प्रश्न सुटत नव्हता.

संदेश पुढे पाठवणाऱ्या सोलापूरकरांना एक विचारावेसे वाटते. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांतले २१३ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. या जिल्ह्यात जत्रेच्या फडापासून महाराष्ट्र केसरीच्या गादीपर्यंत पोहोचू पाहणारी शेकडो पोरे आहेत, आणि त्यांच्यातल्या एखाद्याने कोणी पुढे केलेली सुई नाकारली, तर ‘सगळेच घेतात’ हे वाक्य त्याच्या कानावर पहिल्यांदा कोणाकडून पडणार आहे?