पालकसभेतील हजेरी आणि घरातील वागणूक
पालक शाळेच्या सभांना नियमित गेले की मुलांचे अभ्यासात लक्ष लागते, हे एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या विस्कॉन्सिन व कॅलिफोर्निया राज्यांतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये असे मांडले होते की, ज्या घरात शिस्तीबरोबर जिव्हाळा असतो आणि मुलाच्या मताला किंमत असते, तिथे पालकांच्या अशा सहभागाचा उपयोग अधिक होतो. केवळ धाक असलेल्या घरात तोच सहभाग कमी फळ देतो. आपल्याकडेही गुणपत्रक हाती येताच शिक्षकांसमोर मुलाचा पाणउतारा करणारे पालक सभेला हजर असतातच, पण ते मूल पुढे वर्गात शंका विचारायलाही कचरते, आणि हे नुकसान कोणत्याही हजेरीपत्रकात दिसत नाही. शिवाय ऊसतोडीसाठी कित्येक महिने गाव सोडून राहावे लागणाऱ्या आईवडिलांची गैरहजेरी ही अनास्था मानणे मला अन्यायाचे वाटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; मुलांशी घरी कसे बोलावे, हा विषय या समित्यांनी आपल्या बैठकीत आवर्जून घ्यावा.