‘चार सामने एकत्र लावा, जोखीम कमी’: या दाव्याचा हिशेब

नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘नवशिक्यांसाठी बेटिंगचे प्रकार’ या मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. प्रकार समजले की पैसे बुडत नाहीत, 1.90 भाव (जिंकल्यास लावलेल्या रकमेसह रुपयामागे 1.90 परत) म्हणजे बरोबरीचा व्यवहार, चार सामने एकत्र लावले की जोखीम सर्वांत कमी, आणि क्रिकेटची जाण हे कौशल्य असल्यामुळे हे सगळे कायदेशीर, असे त्यात म्हटले आहे. तो शाळा-कॉलेजच्या मुलांपर्यंत पोहोचत असल्यामुळे त्याला मुद्देसूद उत्तर द्यायलाच हवे.

प्रकारांची माहिती संदेशात बरोबर आहे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. टॉस दक्षिण आफ्रिकेने जिंकला, सामना भारताने 52 धावांनी जिंकला आणि दोन्ही डावांत मिळून 544 धावा झाल्या. टॉस, निकाल आणि एकूण धावांचे ‘जास्त की कमी’, या एकाच सामन्यावरच्या तीन वेगळ्या बाजी होत. मात्र बाजी कशावर आहे हे कळले म्हणून तिची किंमत कळत नाही, आणि संदेश चुकतो तो नेमका तिथे.

टॉसवर दोन्ही बाजूंना 1.90 भाव आहे आणि दोघांनी एकेका बाजूला शंभर रुपये लावले, असे धरू. बुकीकडे 200 जमतात, जिंकणाऱ्याला 190 मिळतात, दहा बुकीकडेच राहतात. भाव 2.00 असता तरच व्यवहार बरोबरीचा झाला असता. सेशनमध्ये, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरच्या बाजीत, ही कपात धावांत दडलेली असते: सहा षटकांचा भाव 47-48 असेल, तर ‘येस’ला (तेवढ्या धावा होतील म्हणणाऱ्याला) किमान 48 धावा लागतात, ‘नो’ला (होणार नाहीत म्हणणाऱ्याला) 47 पेक्षा कमी, आणि नेमक्या 47 झाल्या तर दोघेही हरतात.

सर्वांत घातक आहे तो चार सामन्यांचा दावा. अशा बाजीत चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे मिळतात, एक चुकला तरी सगळे जातात. ओळखीतल्या एका अकरावीच्या मुलाने वहीच्या मागच्या पानावर 1.90 चारदा गुणून 13.03 हे उत्तर मला दाखवले आणि म्हणाला, “काका, शंभराचे तेराशे होतात.” गुणाकार अचूक होता. त्याखाली मी त्याच्याच पेनाने, प्रत्येक अंदाज बरोबर येण्याची शक्यता निम्मी धरून, एक-द्वितीयांश चारदा गुणून दाखवला: सोळांत एक. म्हणजे सोळा वेळा शंभर लावून 1,600 रुपये घालायचे आणि सरासरीने एकदाच 1,303 परत मिळवायचे. एकेका बाजीत शंभरामागे पाच रुपये जात होते, इथे साडेअठराहून अधिक जातात. भाव गुणले जातात तशी कपातही साठत जाते, हे त्या पोराला कोणीच सांगितले नव्हते.

राहिला कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कौशल्याचा खेळ मानले ते घोड्यांच्या शर्यतीला, क्रिकेटच्या सट्ट्याला नव्हे; आणि संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंग कायदा तर पैसे लावून खेळायच्या खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाईच करतो. शिवाय भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार मुळातच निरर्थक असल्यामुळे, बाजी जिंकूनही समोरच्याने रक्कम अडवली, तर तिच्या वसुलीसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही.