गल्लीत दुकान येऊ न देण्याविषयी काही उपयुक्त सूचना

आपल्या गल्लीत कुणीतरी दुकान काढतंय अशी कुणकुण लागली, तर घाबरून जाऊ नका. दुकान छोटं असेल, म्हणजे शिलाईची दोन मशिनं, सायकल दुरुस्तीचा गाळा किंवा केस कापायच्या दोन खुर्च्या, तर काम फारच सोपं आहे. मोठा मॉल काढणाऱ्याकडे वकील असतात, वास्तुविशारद असतात, वाहतुकीचा जाडजूड अहवाल असतो. छोट्या दुकानदाराकडे फक्त दुकान असतं, आणि त्याच्या परवानगीची सुनावणी नेमकी ते उघडं ठेवायच्या वेळेत असते.

"मला ते नको आहे" असं मात्र कधीही म्हणू नका. खरं असलं तरी कानाला बरं लागत नाही. त्याऐवजी वाहतुकीची काळजी वाटते म्हणा. ही काळजी कुणाला खोडता येत नाही, कारण रस्त्यावर गाड्या सगळ्यांनाच दिसतात आणि त्यांतली आपली कुठली हे लांबून ओळखू येत नाही. संध्याकाळी सगळे घरी परतत असताना गल्लीच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढा. त्या गाड्या रहिवाशांच्याच आहेत आणि दुकान तर अजून उघडलेलंच नाही, हे फोटोत दिसत नाही. तुमची गाडी दिसत असेल तर थोडा कोन बदला.

दुकानदार म्हणाला, दिवसाला तीस गिऱ्हाइकं येतील, की तुम्ही हरकतीत तीस गाड्या लिहा. येणं आणि जाणं वेगवेगळं मोजलंत तर साठ होतात. गल्लीतलीच माणसं पायी येतील असा मुद्दा कुणी काढलाच, तर मंद हसा. सदऱ्याचं बटण लावून घ्यायला चार किलोमीटर गाडी हाकायची, तिथे जागा शोधत दोन घिरट्या घालायच्या आणि परत यायचं, ही सभ्य वस्तीची रीत आहे. ती वाहतूक इतरांच्या गल्ल्यांतून जाते, त्यामुळे आपल्या अर्जात तिचा उल्लेख करायचं कारण नाही. त्या गल्ल्यांतल्या लोकांनी त्यांचा अर्ज करावा.

मग पार्किंग मागा. एका गाडीला ये-जा करायच्या वाटेसकट पंचवीस-तीस चौरस मीटर जागा सहज लागते. वीस चौरस मीटरच्या दुकानाने तीन गाड्यांची सोय दाखवावी असा आग्रह धरलात, की विरोध न करताच विरोध होतो. "आमची काहीच हरकत नाही, फक्त नियम पाळा." अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ साली किमान पार्किंगची सक्तीच काढून टाकली, असं एखादा वाचनवेडा तरुण सभेत सांगेल. त्याला विचारा, तुम्ही स्वतःच्या घरात राहता की भाड्याच्या?

आवाज, धूळ, वास, अनोळखी माणसं यांचा उल्लेख ओझरता करावा. अनोळखी माणसांवर जास्त बोलू नये. तिथे आपण नेमके कुणाबद्दल बोलतो आहोत हे लोकांच्या लक्षात येण्याचा धोका असतो.

या कलेला थोर परंपरा आहे. सान फ्रान्सिस्कोने १८८० साली नियम केला की लाकडी इमारतीत कपडे धुण्याचा धंदा करायचा तर परवानगी हवी. हेतू अर्थातच आगीपासून संरक्षण! शहरातले सुमारे ३२० धोबीखाने जवळजवळ सगळेच लाकडी होते. दोनशेच्या आसपास चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांना परवानगी मिळाली, फक्त एकाला नाही. आगसुद्धा इतकी चोखंदळ असू शकते! १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार एकमताने बेकायदा ठरवला. यातून आपण घ्यायचा धडा एवढाच की आकडे लेखी ठेवू नयेत.

१९१६ साली न्यूयॉर्कने संपूर्ण शहराचे झोन पाडले, म्हणजे कुठल्या भागात घरं, कुठे दुकानं आणि कुठे कारखाने हे नियमाने ठरवून दिलं. दहा वर्षांनी ओहायोतल्या युक्लिड या छोट्या गावाच्या खटल्यात असे झोन पाडणं वैध ठरलं. योग्य वस्तू चुकीच्या जागी असली तर तीही उपद्रव ठरते, जसं गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर, असा दाखला न्यायमूर्तींनी दिला. कारखान्याचा धूर झोपायच्या खोलीत येऊ नये, यात गैर काय? फक्त धुरापासून सुरू झालेलं हे तर्कशास्त्र शिवणयंत्रापर्यंत कधी पोचलं, हे विचारू नका.

जपानचं नाव सभेत निघू देऊ नका. तिथल्या सर्वांत कडक निवासी झोनमध्येसुद्धा घराला जोडून ५० चौरस मीटरपर्यंतचं दुकान चालतं, बांधकामाच्या निम्म्याहून कमी जागेत. एवढं करूनही तो देश टिकून आहे, ही गोष्ट आपल्या बाजूला फारशी पोषक नाही. कुणी विचारलंच तर "त्यांची संस्कृती वेगळी" म्हणा आणि पुढचा विषय घ्या.

अर्ज फेटाळला गेला की दुकानदाराला सहानुभूती जरूर दाखवा. "तुमच्यासारख्या कष्टाळू माणसाला आमचा पाठिंबाच आहे, फक्त जागा दुसरी बघा." दुसरी जागा म्हणजे हमरस्त्यावरची. तिथलं भाडं परवडलं असतं तर तो गल्लीत आलाच नसता, पण सहानुभूतीला भाड्याशी काय देणंघेणं?

राहता राहिला प्रश्न तुमच्या तळमजल्यावरच्या कर-सल्ल्याच्या कामाचा. ते चालू ठेवा. बाहेर पाटी लावू नका, आणि मार्चअखेर दारात दुहेरी रांगेत गाड्या लागल्या तर शेजाऱ्यांना सांगा, पाहुणे आलेत.