नाथसागर, रामसर आणि चिखलातली मोजणी

पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, रामसरचा म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळायला हवा, असं म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. एक, ते धरण आहे, नैसर्गिक तळं नव्हे. दुसरा, दर्जा आला की मासेमारी आणि गाळपेर (पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातली शेती) बंद.

पहिल्याचं उत्तर गोदावरीवरच आहे, वरच्या अंगाला. निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर हाही बंधाराच, इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बांधलेला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं ते तेच. राहिला दुसरा. १९७१ साली इराणच्या रामसर गावात झालेला करार पाणथळ जागेचा शहाणपणाने वापर करा म्हणतो, वापर बंद करा असं म्हणत नाही. नाथसागरावर आज जे निर्बंध आहेत ते १९८६ च्या पक्षी अभयारण्यामुळे, म्हणजे आपल्याच कायद्याने आलेले. रामसरच्या नावाने मासेमारांना कशाला घाबरवायचं?

खरी गोम आकड्यांत आहे. कराराचे निकष नऊ, त्यातला एक पुरा झाला तरी चालतो. पक्ष्यांच्या बाबतीत नेहमी पुढे येणारे दोन: २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येचा १ टक्का. पण दोन्हींत ‘नियमितपणे’ हा शब्द आहे. निदान तीन हंगामांच्या भरवशाच्या नोंदी हव्यात आणि त्यातल्या दोन तृतीयांश हंगामांत आकडा गाठलेला हवा. नाहीतर किमान पाच वर्षांच्या कमाल आकड्यांची सरासरी. एका वर्षी रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उतरला आणि पेपरात फोटो छापून आला, याला तिथे काडीची किंमत नाही.

म्हणून जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना महत्त्वाची. १९८७ पासून अनेक देशांत ती एकाच सुमारास होते. आपल्याकडे अभयारण्यच ३४१ चौरस किलोमीटरचं, काठ उथळ आणि वेडावाकडा. पैठणकडच्या काठावर शनिवारी मोजलं आणि शेवगावकडच्या काठावर रविवारी, तर एकच थवा दोनदा मोजला जाऊ शकतो. सगळ्या तुकड्यांनी एकाच सकाळी, ठरलेल्या दोन तासांत, ऊन पाठीवर घेऊन मोजावं. उडालेल्या थव्याची वेळ आणि दिशा लिहावी. संध्याकाळी वह्या जुळवताना दुबार नोंद तिथेच सापडते. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्याच जागेच्या मापाने शंभराचा ठोकळा डोळ्यात बसवायचा आणि असे ठोकळे थव्यावर सरकवत न्यायचे. थापट्या आणि चक्रवाक ही बदकं एकत्र बसली असतील तर आधी एकूण, मग जातवार. जात कळली नाही तर ‘बदक, अनोळखी’ लिहावं. त्यात कमीपणा नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पाण्याची पातळी न लिहिण्याची. धरण काठोकाठ असलं की उथळ चिखल बुडतो, चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायला जागा उरत नाही, ते आसपासच्या पाझर तलावांवर पांगतात. आकडा खाली येतो आणि ‘पक्षी घटले’ अशी बोंब उठते. जलसाठ्याची टक्केवारी रोज जाहीर होते, ती आकड्याशेजारी टाकायला अर्धं मिनिट लागतं.

आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची वाट, म्हणजे मध्य आशियाई उड्डाणमार्ग, तीस देशांवरून जातो. स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची २०२० ची गांधीनगरची आणि २०२४ ची समरकंदची परिषद, दोन्हींत त्यावर बरीच चर्चा झाली. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर पिलं वाढवतो आणि हिमालय ओलांडून इकडे येतो. तिकडच्या लोकांनी घरट्याची जागा राखली आणि आपण हिवाळ्यातला चारा-चिखल घालवला, तर त्यांची मेहनत वाया. पाणी उतरेल तशी गाळपेर पुढे सरकते, हरभऱ्याची नांगरट थेट पाण्याच्या रेषेला भिडते. माझ्या मते काठालगतचा तीस-चाळीस मीटरचा पट्टा मोकळा सोडावा आणि त्याबदल्यात शेतकऱ्याला मोबदला मिळावा. फुकटात ही अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

मंगोलियात पट्टकादंबांच्या मानेत रंगीत पट्टे घालतात, काही पक्ष्यांच्या पायात कडी असते. असा पक्षी दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, पाय डावा की उजवा, कडं सांध्याच्या वर की खाली, तारीख आणि जागा एवढं टिपून गणनेच्या समन्वयकाकडे पाठवा. अंक अर्धाच दिसला तर अर्धाच लिहा, अंदाजाने पुरा करू नका.