‘फक्त परीक्षेला या’ म्हणणाऱ्या बी.एड.च्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की एक मेसेज जालना, परभणी, हिंगोली, बीडकडच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो भाचीच्या फोनवर आला आणि घरात टोकन भरायची भाषा सुरू झाली, म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पदवी कुठलीही चालते, फक्त पास व्हा. बी.एड. शेजारच्या राज्यातून घरबसल्या होतं, फक्त परीक्षेला जायचं. बी.एड. झालं की पहिली ते बारावी कुठंही शिकवता येतं. टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) आता गरज नाही. २०३० ला बी.एड. बंद होणार, म्हणून आत्ताच सीट बुक करा. आणि नोकरी नाहीच लागली तर त्याच पदवीवर वकिली करता येते. खाली एक मोबाइल नंबर.

सगळ्यात घातक मुद्दा ‘घरबसल्या’चा, म्हणून आधी तो घेऊ.

बी.एड. कसं चालवायचं हे कॉलेज ठरवत नाही, एजंट तर नाहीच नाही. ते राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या विनियमांत लिहिलेलं आहे. त्यातलं चौथं परिशिष्ट बी.एड.चं. ते परिषदेच्या संकेतस्थळावर आहे, कुणीही उघडून वाचावं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रवेश आणि परीक्षेचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस काम. आठवड्याला किमान ३६ तास. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. इंटर्नशिप एकूण २० आठवडे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हे सोळा आठवडे म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या वर्गासमोर उभं राहणं. रोजचं पाठ टाचण, त्यावर मार्गदर्शक शिक्षकाची सही, दुसऱ्यांच्या पाठांची निरीक्षणं, चाचणीची प्रश्नपत्रिका काढून ती तपासणं, शेवटी मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र. घरी बसून यातलं काय होणार आहे?

एजंट म्हणतो, कॉलेजला मान्यता आहे. असेलही. खोटी असते ती हजेरी. आणि हजेरीचं खोटं नेमकं कुठं उघडं पडतं ते समजून घ्या. मुलगा दोन वर्षं इकडंच असतो. त्याच काळात गावाजवळच्या खासगी शाळेत शिकवतो आणि तिथलं अनुभवपत्र घेतो, किंवा इथल्याच कॉलेजात नियमित एम.ए. करतो. पुढं निवड झाल्यावर पडताळणीच्या टेबलावर सगळे कागद एकत्र येतात. चारशे किलोमीटरवरच्या कॉलेजातली ९० टक्के इंटर्नशिप आणि इथल्या शाळेचा अनुभव, तारखा एकमेकांवर पडतात. तोवर पाच-सहा वर्षं गेलेली असतात, एजंटचा नंबर बंद झालेला असतो आणि निवड रद्द होते ती उमेदवाराची. कागद तपासले जात नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१९-२० च्या टीईटीतला गैरव्यवहार आठवावा. राज्य परीक्षा परिषदेनं २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली, आणि त्यांतले काही जण तोवर नोकरीला लागलेले होते.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करावं लागेल. दूरशिक्षणातून बी.एड. आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही ओळखीचं आहे. पण एनसीटीईच्या नियमानं ते सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी, किंवा आधी समोरासमोरचा मान्यताप्राप्त अध्यापक अभ्यासक्रम (उदाहरणार्थ डी.एल.एड.) पूर्ण केलेल्यांसाठी आहे. नुसती पदवी हातात असलेल्या मुलामुलींसाठी नाही. एजंट नेमकं हेच वाक्य गाळतो.

नियमित बी.एड.साठी महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आहे: १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३०, शिक्षक अभिवृत्तीचे ३०. महिनाभर नीट सराव केला तर ही परीक्षा अवघड नाही. बाहेरच्या राज्यात जायचंच असेल तर खुशाल जा, पण तिथं राहून करा. आणि पैसे भरण्याआधी एनसीटीईच्या यादीत कॉलेजचं नाव, मान्यता आदेश आणि मंजूर जागा बघा. एका युनिटला, म्हणजे तुकडीला, ५० जागा असतात.

आता ‘पदवी कुठलीही चालते’. प्रवेशापुरतं हे जवळजवळ खरं आहे, आणि म्हणूनच ते फसवं आहे. खुल्या गटाला पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के आणि राखीवला ४५ असतील तर बी.एड.ला बसता येतं. (पदवीला ४८ वर अडकलेल्यांनी हे ‘किंवा’ लक्षात ठेवावं. एम.ए.ला ५० आणले तर वाट मोकळी होते.) पण शाळेत जागा निघते ती विषयाची: गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र. बी.एड.ला अध्यापन पद्धतीही, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचं तो, पदवीच्या विषयांवरूनच मिळते. आपल्याकडं कित्येक मुलं लोकप्रशासन आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. होतात, कारण त्या विषयांत गुण पडतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बी.एड.नंतर त्यांच्या लक्षात येतं की सहावी ते दहावीच्या वेळापत्रकात हे विषयच नाहीत.

केंद्रीय विद्यालयाच्या जाहिराती बघा, तिथं नियम आणखी कडक. सामाजिक शास्त्राच्या पदवीधर शिक्षकाला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय लागतात आणि त्यात इतिहास किंवा भूगोल हवाच. इंग्रजीला पदवीच्या तिन्ही वर्षांत इंग्रजी विषय म्हणून हवं. विज्ञानाला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. लातूर-नांदेडकडं जैवतंत्रज्ञानाची बी.एस्सी. केलेली मुलं इथंच अडकतात. बी.कॉम.वाल्यांनी तर आधीच ठरवावं: दहावीपर्यंत वाणिज्य विषय नाही, म्हणजे एम.कॉम. आणि बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालय हीच सरळ वाट.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) आलेत, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थमध्येही. शिक्षक व्हायचं असेल तर मेजर शाळेत शिकवला जाणारा विषय घ्या आणि मायनरही शाळेतलाच दुसरा. इतिहास-भूगोल, गणित-भौतिकशास्त्र, मराठी-इंग्रजी. हा निर्णय पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या फॉर्मवर होतो. बी.एड.च्या वेळी तो दुरुस्त करता येत नाही.

‘पहिली ते बारावी कुठंही’ हे तर साफ चूक. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता नाही. एनसीटीईची २०१८ ची अधिसूचना बी.एड.वाल्यांना प्राथमिकला घ्यायची मुभा देत होती, ती टिकली नाही. त्या वर्गांना डी.एल.एड. लागतं: बारावीनंतर दोन वर्षं, प्रवेश बारावीच्या गुणांवर, अट साधारण पन्नास टक्क्यांची, राखीव गटाला सवलत. सहावी ते आठवीला पदवी आणि बी.एड. चालतं, नववी-दहावीलाही. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. ज्या मुलीला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतच शिकवायचंय तिला पाच वर्षं पदवी आणि बी.एड.त घालायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. बारावी, डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर एक, पात्रतेला एवढं तिला पुरतं. पदवी सोबत मुक्त विद्यापीठातून करता येते.

टीईटीची गरज नाही म्हणणाऱ्यानं वर्तमानपत्र उघडलेलं दिसत नाही. पहिली ते आठवीला ती लागतेच: १५० गुण, खुल्या गटाला ६० टक्के, राखीवला ५५. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे, सात वर्षांची मुदत गेली. कदाचित मेसेजवाल्यानं तिथंच घोळ घातला असेल. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. नव्यानं येणाऱ्यांना सूट कुठून मिळणार? शिवाय भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, होते, तिथं टेटचे (अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे) २०० पैकी गुण मोजले जातात. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टेट नववी ते बारावीच्या जागांनाही लागते, टीईटी नाही. आणि निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन असतं: प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. घरचा हिशेब या आकड्यांवर करा.

वकिलीचं थोडक्यात. पदवीनंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. आहे, खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के हवेत. पण बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रवेश मिळत नाही. नियमित बी.एड. आणि नियमित एल.एल.बी. एकाच वेळी तर नाहीच. बी.एड. चालू असताना दूरशिक्षणातून एम.ए. मात्र २०२२ पासून करता येतं.

राहिलं २०३०. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये असं म्हटलंय खरं की २०३० पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता होईल. पण त्याच धोरणात पदवीधरांसाठी दोन वर्षांचं आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर झालेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड.ही सांगितलंय. मेसेजनं पहिलं वाक्य उचललं, पुढचं सोडून दिलं. यंदा बारावी झालेल्यांना चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार जरूर करता येईल, एक वर्ष वाचतं. त्यासाठी एनटीएची (राष्ट्रीय चाचणी संस्थेची) एनसीईटी ही प्रवेश परीक्षा असते. अर्ज आणि शुल्क थेट एनटीएच्या संकेतस्थळावर भरायचं, सीट बुक करून देणारा माणूस त्यात कुठंच नसतो.